झाडीपट्टीच्या नाटकात हल्ल्यानंतरचा नवरा-बायकोचा प्रवेश कसा लिहावा

झाडीपट्टी म्हणजे पूर्व विदर्भ. तिथल्या सरपंचकीच्या नाटकात विरोधकावर हल्ला होतो आणि त्याच रात्री हल्ला करणाऱ्याच्या घरात नवरा-बायको बोलतात. हा प्रवेश बहुतेक वेळा पडतो, कारण लेखक दोघांच्या तोंडून हल्ल्याची हकीकतच पुन्हा वदवतो. प्रेक्षकांनी ती आत्ताच पाहिलेली असते.

लिहायला बसण्याआधी एक ठरवा: बायकोला आधी किती माहीत होतं? राज्यात पंचायतींच्या निम्म्या जागा बायकांना राखीव आहेत, तेव्हा सरपंच तीच ठेवा आणि कारभार नवऱ्याकडे द्या. तिला काहीच माहीत नसलं तर ती नुसती रडते. सगळं माहीत असलं तर बोलायला काही उरत नाही. 'जरा दम देऊन या' एवढं ती म्हणाली होती आणि बंडीच्या (बैलगाडीच्या) उभारीनं, म्हणजे उभ्या दांड्यानं, डोकं फुटलं, इथे प्रवेश रंगतो. जखमी माणूस तिच्या माहेरच्या नात्यातला असला तर आणखीच.

हल्ल्याचं नाव दोघांनीही घेऊ नये. बोलणं कामाचं ठेवा:

"सदरा काढा."
"कायले?"
"बाहीले डाग हाय. अन् सकारी दवाखान्यात मी जातो. तुमी येऊ नोका."
"तू कायले जातं?"
"नाई गेली त गाव काय समजन?"

डाग लालभडक नको, रक्त सुकून तपकिरी होतं. काताचं दाट पाणी पुरतं. बाहीच्या आतल्या अंगाला लावा, म्हणजे तो बायकोलाच आधी दिसेल.

नाटक रात्रभर चालतं, त्यामुळे हा प्रवेश मध्यरात्रीनंतर येतो. विनोदी प्रवेशाला लागून ठेवलात तर हसू ओसरत नाही आणि पहिली चार वाक्यं वाया जातात. मध्ये एक गाणं घाला. आठ मिनिटांपेक्षा लांबवू नका. कुजबुज मागच्या रांगेत पोचत नाही, तेव्हा दोघांना माईकखाली उभं करून वाक्यं तोडा. नट रोज वेगळं नाटक करतात, सगळी भिस्त प्रॉम्प्टरवर. दोन ओळींपेक्षा लांब वाक्य हमखास अडखळतं. गप्प राहायच्या जागा संहितेत ठळक लिहा, नाहीतर प्रॉम्प्टर पुढचं वाक्य देऊन मोकळा होतो. ऑर्गनवाल्यालाही बजावून ठेवा, त्याला शांतता सोसत नाही.

कलम जपून. १ जुलै २०२४ पासून खुनाच्या प्रयत्नाला भारतीय न्याय संहितेचं १०९ लागतं. नवऱ्याच्या तोंडी जुन्या दंड संहितेचं 'तीनशे सात' चालेल, गावात अजून तेच बोलतात. ठाणेदाराच्या तोंडी नाही.

पोलीस पाटलानं कडी वाजवली की पडदा. तो कशाला आला, ते पुढच्या अंकात.