हॅलोविन पार्टीसाठी रंग बदलणारे जादूचे शॉट्स

३१ ऑक्टोबरला घरी पार्टी असेल तर निळ्या सिरपची बाटली आणू नका, गोकर्ण वापरा. आमच्या नेरुळच्या सोसायटीत कंपाऊंडच्या जाळीवरच वेल आहे, तुमच्याकडेही आसपास असेल, फक्त गडद निळी फुलं घ्यायची आणि औषध फवारलेली नकोत. १०-१२ फुलं धुवून, हिरवे देठ काढून, २०० मिली गरम पाण्यात दहा मिनिटं ठेवा, गाळा आणि फ्रीजमध्ये एकदम गार करा.

शॉट ग्लासमध्ये २० मिली व्होडका, २० मिली हे निळं पाणी, १० मिली साखरेचा पाक. लिंबू आधी अजिबात पिळायचं नाही!! रस वेगळ्या छोट्या बाटलीत ठेवा आणि पाहुण्यांच्या हातात ग्लास दिल्यावरच चमचाभर ओता, निळ्याचा जांभळा होतो आणि रस जरा जास्त पडला तर गुलाबीकडे जातो, कारण फुलातला रंग आंबट लागला की बदलतो. तो क्षण इतका सुंदर दिसतो की सगळे मोबाईल काढतात.

व्होडकाऐवजी टॉनिक वॉटर घालू नका, ते स्वतःच आंबट असतं, रंग आधीच बदलून जातो. न पिणाऱ्यांना आणि मुलांना साधं गार पाणी घालून द्या, पण त्यांचा ट्रे वेगळाच ठेवा. आणि धुरासाठी ड्राय आइस शॉटमध्ये कधीच टाकू नका, उणे ७८ डिग्रीचा तुकडा गिळला गेला तर आत इजा होते.