तेलाच्या कॅनवर तारीख लिहा : घरचंच जेवण जेवून वजन कसं उतरवावं

वजन कमी करायचं ठरलं की ताटातून आधी भात जातो, मग पोळी. कढईतलं तेल मात्र होतं तेवढंच राहतं. ग्रॅमला ग्रॅम लावून पाहिलं तर पीठ-साखरेतून ४ कॅलरी मिळतात आणि तेला-तुपातून ९. त्यामुळे सुरुवात ताटापासून न करता ओट्यापासून केलेली बरी.

आधी आठवडाभर फक्त मोजा

खाण्यात काहीही बदल न करता सात दिवस वजन लिहून ठेवा. सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, रोज त्याच काट्यावर. एका दिवसाचा आकडा पाण्याने आणि मिठाने किलोभर इकडेतिकडे होतो, म्हणून सात दिवसांची सरासरी धरायची. पोटाचा घेरही घ्या. टेप शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मध्ये ठेवायची आणि श्वास सोडून झाल्यावर आकडा वाचायचा. भारतीयांसाठी धोक्याची रेषा पुरुषांना ९० सेंटिमीटर, बायकांना ८० सेंटिमीटर अशी धरतात.

पहिलं उद्दिष्ट आहे त्या वजनाच्या ५ टक्क्यांचं ठेवा. ८० किलोच्या माणसाने ४ किलो. एवढ्यानेही रक्तदाब आणि साखर सुधारायला लागते. आठवड्याला अर्धा किलो हा वेग पुरे.

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी मधुमेहाची गोळी चालू असेल तर खाणं कमी करण्याआधी डॉक्टरांशी बोला. खाणं घटलं आणि औषध तेवढंच राहिलं तर साखर एकदम खाली जाऊ शकते. गरोदरपणात आणि मूत्रपिंडाच्या आजारात खालचं काहीच स्वतःच्या मनाने करू नये.

तेल

नवा कॅन उघडला की त्यावर मार्करने तारीख लिहा. चौघांच्या घरात ५ लिटरचा कॅन महिन्यात संपत असेल, तर माणशी रोजचं सुमारे ४२ मिली तेल झालं, म्हणजे जवळजवळ ३४५ कॅलरी. तोच कॅन दोन महिने पुरवला तर माणशी रोजच्या १७० कॅलरी वाचतात. कागदावर महिन्याला साधारण ६५० ग्रॅम चरबीचा हिशेब, आणि अजून ताटातली एक पोळीही कमी केलेली नाही.

कॅनमधून थेट कढईत तेल ओतायचं बंद. ५ मिलीचा चहाचा चमचा ठेवा. चौघांच्या भाजीला ३ चमचे, आमटीच्या फोडणीला १. इथे बहुतेक जण अडकतात, कारण रुंद कढईत चमचाभर तेल पसरतं, मोहरी तडतडत नाही आणि हिंग जळतो. फोडणी लहान खोलगट कढल्यात करा. तेल तळाशी साचतं, चमचाभरातही मोहरी नीट फुटते. कांदा बुडाला लागत असेल तर त्यावर लगेच मीठ घाला, त्याला स्वतःचं पाणी सुटतं. फळभाजीवर ताटली झाका आणि ताटलीत पाणी ठेवा. आजीची युक्ती आहे आणि तेलाचं अर्धं काम वाफच करते. वांगं मात्र स्पंजसारखं तेल पितं. त्याच्या फोडी आधी वाफवून घ्या.

दाण्याचं कूटही याच खात्यात धरायचं. मोठा चमचाभर, म्हणजे १० ग्रॅम कुटात ५५-६० कॅलरी असतात, आणि भाजीत ते मुठीने पडतं. कूट वाईट नाही, मूठ वाईट.

ताट

अर्ध्या ताटात भाजी आणि कोशिंबीर, पाव भागात पोळी किंवा भात, पाव भागात डाळ, उसळ, अंडं किंवा मासा. आपल्याकडे शेवटचा पाव भागच रिकामा असतो. पातळ वरणाच्या वाटीत जेमतेम १०-१५ ग्रॅम डाळ असते, त्यातून प्रथिनं मिळतात २-३ ग्रॅम. दिवसाला वजनाच्या दर किलोमागे साधारण १ ग्रॅम प्रथिन पोटात जायला हवं. ३० ग्रॅम सुक्या मटकीच्या उसळीत ७ ग्रॅम, एका अंड्यात ६, ५० ग्रॅम पनीरमध्ये ९, १०० ग्रॅम बांगड्यात २० च्या आसपास. प्रथिनं पुरेशी असली की दुपारी चार वाजता डब्यांची झाकणं उघडावीशी वाटत नाहीत.

पोळीचा एक गोळा काट्यावर ठेवून बघा. ४५ ग्रॅमचा गोळा म्हणजे ३० ग्रॅम पीठ, सुमारे १०० कॅलरी. घडीत तेल लावलं की आणखी २०. भाकरी हलकी असते या समजुतीने दोन भाकऱ्या खाणारे पुष्कळ. पण एका मोठ्या भाकरीला ७०-८० ग्रॅम पीठ लागतं. ज्वारीत तंतू जास्त, हे खरं. पण एक भाकरी अडीच पोळ्यांच्या बरोबरीची आहे.

उपवास हा वजन वाढवायचा दिवस ठरतो. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ पिष्ट, त्यावर कूट, तूप आणि बटाटा. एका डिशला ४०० ते ४५० कॅलरी सहज होतात. राजगिऱ्याची भाकरी, काकडीची कोशिंबीर आणि ताक हा उपवास जास्त खरा.

चहा

दोन चमचे साखरेचे चार कप म्हणजे ४० ग्रॅम साखर, १६० कॅलरी. एकदम बिनसाखरेचा चहा चौथ्या दिवशी सुटतो. दर दहा दिवसांनी अर्धा चमचा कमी करा, जिभेला पत्ता लागत नाही. गुळाने कॅलरी वाचत नाहीत आणि सकाळच्या मध-लिंबू पाण्याने चरबी वितळत नाही.

व्यायाम

अर्ध्या तासाच्या चालण्यात साधारण सव्वाशे ते दीडशे कॅलरी जातात. एका वडापावात त्याच्या दुप्पट येतात. तरी व्यायाम हवाच. नुसत्या कमी खाण्याने चरबीबरोबर स्नायूही झिजतात, आणि पुढे वजन परत चढतं तेव्हा बहुतेक चरबीच भरते.

चालणं १५ मिनिटांपासून सुरू करा, दर आठवड्याला ५ मिनिटं वाढवत ४० पर्यंत न्या, आठवड्यातून पाच दिवस. वेग असा, की बोलता यावं पण गाता येऊ नये. पहिल्याच दिवशी तासभर चालणारा चौथ्या दिवशी पोटरी धरून बसतो.

आठवड्यातून दोनदा ताकदीचा व्यायाम. खुर्चीवर हात छातीशी बांधून बसा-उठा : बसताना मनात तीन आकडे मोजा, गुडघे आत वळू देऊ नका, खुर्चीत धपकन पडू नका. ओट्याला हात टेकून तिरके पुशअप. शाळेच्या दप्तरात ४ किलो तांदूळ भरून, कमरेत वाकून ते पोटाकडे ओढणं. प्रत्येकी १० वेळा, दोन फेऱ्या. फेरी सोपी वाटली की तांदूळ वाढवा. रात्री जेवणानंतर दहा मिनिटं सोसायटीत फेऱ्या मारल्या तर जेवणानंतर चढणारी साखरही आटोक्यात राहते.

काटा अडला की

पहिल्या आठवड्यात दीड-दोन किलो उतरले तर त्यात बरंचसं पाणीच असतं, तेव्हा दुसऱ्या आठवड्यातला संथपणा मनाला लावून घेऊ नका. सरासरी तीन आठवडे हललीच नाही तर कॅनवरची तारीख बघा. तेल पुन्हा वाढलेलं असतं, किंवा मुलांच्या ताटातलं उरलेलं पोटात जात असतं. दोन्ही नसेल तर अर्धी पोळी कमी करा. हलक्या झालेल्या शरीराची गरजही कमी झालेली असते. फराळाच्या दिवसांनंतर काट्यावर दीड किलो जास्त दिसलं तर त्यात मिठाने आणि गोडाने धरलेलं पाणी बरंच असतं. नेहमीचं जेवण सुरू करा आणि काट्यावर पाचव्या दिवशी चढा.