कंडक्टिव्ह ग्लू वापरताय? या चुका टाळा

कंडक्टिव्ह ग्लू, म्हणजे करंट वाहून नेणारा ग्लू, लावला, चिकटलाही, पण वस्तू चालत नाही. ही तक्रार बहुतेक वेळा ग्लूची नसते. सांधा पक्का बसला म्हणजे त्यातून करंटही नीट जाणार, असं धरून चालतो, तिथेच गडबड होते.

आधी ट्यूब बघा. काळा ग्लू कार्बनचा. स्वस्त, पण त्याचा सांधा कित्येक ओहमचा (ओहम म्हणजे करंटला होणारा अडथळा मोजायचं एकक) होऊ शकतो. चांदीचा इपॉक्सी (दोन भाग मिसळून घट्ट होणारा ग्लू) महाग आणि कितीतरी सरस, तरीही डाग दिलेल्या, म्हणजे सोल्डर केलेल्या, सांध्याची बरोबरी त्याला येत नाही. समजा सांधा ५ ओहमचा झाला. २० मिलीअँपिअरवर जळणाऱ्या एलईडीला त्याने फक्त ०.१ व्होल्ट कमी मिळेल. तोच सांधा अर्धा अँपिअर घेणाऱ्या खेळण्यातल्या मोटरला लावला, तर २.५ व्होल्ट तिथेच खर्ची पडतील, आणि दोन सेल मिळून असतात ३ व्होल्टचे. मोटर, चार्जिंग सॉकेट आणि २३० व्होल्टची कुठलीही जोडणी यांना हा ग्लू लावूच नका.

सांध्यातून करंट जातो का हे सांगणाऱ्या मल्टिमीटरच्या बीपवर विसंबू नका. पुष्कळ मीटर ३० ओहमलाही वाजतात. २०० ओहमच्या रेंजवर मोजा. आधी मीटरचे दोन्ही प्रोब (तारांची टोकं) एकमेकांना टेकवून येणारा आकडा वजा करा.

दोन भागांचा इपॉक्सी नजरेच्या अंदाजाने मिसळला की तो चिकट राहतो. प्रमाण पाकिटावर असतं तेच. चांदी तळाला बसते, म्हणून प्रत्येक भाग आधी ढवळायचा. मग २४ तास हात लावायचा नाही. वाळायच्या आत तपासलं तर रीडिंग हमखास जास्त येतं. पाकिटावर उष्णता चालते असं लिहिलं असेल तर थोडी ऊब द्या, ओहम आणखी उतरतात.

हा ग्लू खरा कामाचा कीबोर्डच्या मेम्ब्रेनवर, म्हणजे बटणांखालच्या पातळ प्लॅस्टिक शीटवर. तिथे सोल्डरिंग आयर्न टेकवलं की प्लॅस्टिकच वितळतं. चहा सांडून ट्रॅक (शीटवरची करंट नेणारी रेघ) खाल्ला गेला असेल तर आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोल) पुसा. ट्रॅकवरचा काळा किंवा पारदर्शक थर ब्लेडने हलकेच खरवडा, चांदी चमकेपर्यंत. तो थर राहिला तर वरून कितीही लावा, उपयोग शून्य. दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावून ट्रॅकइतकीच फट ठेवा. टूथपिकने चांदीचा पेंट (चांदीच्या ग्लूचाच रंगासारखा पातळ प्रकार) पातळ लावा, तुटलेल्या जागेच्या दोन्हीकडे ३-४ मिलिमीटर पुढपर्यंत. पट्टी पेंट ओला असतानाच काढा, नाहीतर कड उचलून येते. शेजारच्या ट्रॅकला थेंब लागला तर वाळल्यावर ब्लेडने मधली रेघ साफ करा, नाहीतर एक की दाबली की दोन अक्षरं उमटतील.

महिनाभर चालून सांधा मेला, तर खालचा पृष्ठभाग तपासा. कथलाचा मुलामा असलेल्या, सुट्या भागांच्या धातूच्या पायांवर चांदीचा इपॉक्सी दमट हवेत हळूहळू ओहम वाढवत जातो. कोकणातल्या पावसाळ्यात तर हे ठरलेलंच. तिथे मुळात डागच द्यायला हवा होता.