कॉम्प्युटरच्या कॅबिनेटला धुळीची जाळी निवडताना

जाळी जितकी बारीक तितकी चांगली, हा समज पंख्याच्या मुळावर येतो. फोम धूळ छान अडवतो, पण हवाही अडवतो. त्यापेक्षा नायलॉनची विणलेली जाळी घ्या. उजेडाकडे धरल्यावर पलीकडचं दिसलं पाहिजे. ती फक्त हवा आत ओढणाऱ्या पंख्यांना लावा. बाहेर फेकणाऱ्याला लावली तर आतून लव साचते आणि उष्णता कोंडते. पात्यांपासून १०-१५ मिमी अंतर ठेवलं की घोंघाट कमी होतो. पॉवर सप्लायखालची जाळी हमखास विसरली जाते, तीही बघा!

बसवण्याआधी आणि नंतर, खोली तितकीच गरम असताना, तोच लोड (म्हणजे तेच जड काम) देऊन अर्ध्या तासाने कॉम्प्युटरच्या आतलं तापमान पाहा. २-३ अंश वाढ चालेल. ८-१० वाढलं तर जाळी बदला. धुतली तर पूर्ण वाळवूनच लावा.