पोरांना घेऊन किचिजोजी आणि शिमोकिताझावा

टोकियोतल्या फॅशनेबल वस्त्यांचं घड्याळ आणि पोरांचं घड्याळ जुळत नाही, सगळी गोची तिथे आहे. जुन्या कपड्यांची दुकानं, कॅफे, रेकॉर्डची दुकानं बहुतेक अकरा-बाराला उघडतात. पोरं सकाळी सातला बूट घालून दारात उभी. तीन वाजेपर्यंत ती दमतात, आणि नेमकी तेव्हाच रस्त्यावर गर्दी होते. म्हणून सुट्टीत आमच्याकडे, टोकियोच्या पूर्वेकडच्या निशि-कासाईला येणाऱ्या नातेवाइकांना मी एकच क्रम सांगते: आधी बाग, मग गल्ल्या, आणि संध्याकाळ व्हायच्या आत घर.

पहिल्या दिवशी शिबुया-हाराजुकूच्या गर्दीच्या वस्त्या नकोत. पश्चिमेकडच्या किचिजोजीला जा. निशि-कासाईहून तोझाई लाईनची मिताकाला जाणारी गाडी पकडली की गाडी न बदलता पाऊण तासात पोचता. पाटी नीट वाचा, काही गाड्या वाटेतल्या नाकानो स्टेशनलाच संपतात. कामाच्या दिवशी साडेनऊच्या आधी मात्र निघू नका. २०१९ मध्ये याच लाईनवर किबा ते मोन्झेन-नाकाचो टप्प्यात सकाळची गर्दी क्षमतेच्या १९९ टक्के होती. बाबागाडी घेऊन त्यात शिरणं म्हणजे दादर स्टेशनवर सकाळी उलट्या दिशेने चालणं. तिकिटाचं सोपं आहे: शाळेत न जाणारी दोन मुलं एका मोठ्या माणसासोबत फुकट, प्राथमिक शाळेतल्यांना अर्धं तिकीट.

किचिजोजी स्टेशनच्या उत्तरेच्या दाराबाहेर हत्तीणीचा पुतळा आहे. ही हानाको. १९४९ मध्ये थायलंडहून आली आणि २०१६ मध्ये, ६९ वर्षांची होऊन गेली. तिचं बरंचसं आयुष्य जवळच्या इनोकाशिरा प्राणिसंग्रहालयात गेलं. पोरांना तिची गोष्ट आधी सांगा, पुढचं चालणं कुरकुर न करता होतं. प्राणिसंग्रहालय साडेनऊला उघडतं, सोमवारी बंद असतं. मोठ्यांना ४०० येन, प्राथमिक शाळेपर्यंतच्या मुलांना फुकट. तिथे खारींचा एक मोठा पिंजरा आहे, आणि आपणच त्याच्या आतून चालत जायचं. खारी पायाशी पळतात. उएनोच्या प्राणिसंग्रहालयात २०२६च्या सुरुवातीपर्यंत पांडा होते, पण ते बघायला तासभर रांगेत उभं राहण्यापेक्षा मला तेव्हाही हेच कितीतरी पटायचं.

शेजारीच इनोकाशिरा बाग, १९१७ मध्ये खुली झालेली. तळ्यात हंसाच्या आकाराच्या पायडल-बोटी आहेत आणि एका टोकाला बेन्झाइतेनचं देऊळ. बेन्झाइतेन म्हणजे बौद्ध धर्माबरोबर इथवर आलेली आपली सरस्वती. नणंदेच्या मुलीने विचारलं, "मामी, हिला पाटीपूजन करायचं का?" करा की! जोडप्याने या तळ्यात बोट चालवली तर देवीला मत्सर वाटून ताटातूट होते, असं इथले लोक सांगतात. नंदोई तेवढं ऐकून काठावरच थांबले.

साडेअकराच्या सुमारास परत स्टेशनकडे या. हार्मोनिका योकोचो ही दोन माणसं जेमतेम मावतील अशा बोळांची जुनी बाजारपेठ दुपारीच बघून घ्यावी, रात्री तिथे दारूचे अड्डे जोरात असतात. शाकाहारी असाल तर जेवणाचा भरवसा कॅफेवर ठेवू नका. सूप, सॉस, अगदी साध्या भाजीतही दाशी, म्हणजे माशाचा अर्क असतो. आम्ही घरून पराठे आणि शेंगदाण्याची चटणी नेतो आणि बागेतल्या बाकावर खातो. कचरा सोबत परत न्यायची पिशवी हवीच, रस्त्यात डबे सापडत नाहीत. कॅफेत जायचंच असेल तर दारातच विचारा, "कोदोमो-झुरे देमो दाइजोबु देस का?", म्हणजे मुलं सोबत चालतील का. आत शिरलात की माणशी काहीतरी मागवावं लागेल अशी पाटी अनेक ठिकाणी असते.

किचिजोजीहून शिमोकिताझावाला केइओ इनोकाशिरा लाईनची एक्स्प्रेस घ्या. ती इथूनच सुटते, त्यामुळे बसायला मिळतं. या लाईनच्या गाड्यांची तोंडं सात वेगवेगळ्या फिक्या रंगांची आहेत. पुढची कुठली येणार यावर पोरांची पैज लावून द्या, फलाटावरची दहा मिनिटं निघून जातात.

शिमोकितामधली (शिमोकिताझावाचं लाडकं नाव) कपड्यांची दुकानं तुमच्या-माझ्यासाठी, पोरांसाठी नाहीत. अरुंद जिने, खच्चून लावलेले हँगर, वर बाबागाडी: नको. एकाने आत जावं, दुसऱ्याने पोरांना घेऊन 'सेनरोगाई'वर थांबावं. २०१३ मध्ये ओदाक्यू रेल्वेचे रूळ जमिनीखाली गेले आणि वर मोकळा झालेला पट्टा सुमारे १.७ किलोमीटरची पायवाट झाला. कडेला छोटी दुकानं, झाडं, बसायला जागा. त्यावरचं 'बोनस ट्रॅक' हे अंगण मला सगळ्यात आवडतं: खाली दुकान, वर घर, मधे पोरांना पळायला जागा. प्रत्येकाच्या हातात १०० येनची चार-पाच नाणी द्या आणि गाचापोनची, म्हणजे नाणं टाकून छोटं खेळणं मिळणारी यंत्रं दाखवा. नाणी संपली की खरेदी संपली, हे आधीच ठरवा.

हाराजुकूचा हट्ट असेलच, तर आधी मेइजी जिंगू या देवळाभोवतीची झाडी. आतला रस्ता खडीचा आहे, बाबागाडी ढकलताना दम लागतो. मग ताकेशिता ही दुकानांची गल्ली अकराच्या आसपास एका फेरीत उरका. रविवारी नाहीच.

गर्दीत मूल दिसेनासं झालं तर शोधत धावू नका. जवळच्या दुकानदाराला किंवा कोबानला, म्हणजे स्टेशनजवळच्या पोलीस चौकीला, 'माइगो' (हरवलेलं मूल) एवढा शब्द सांगा आणि मुलाचा सकाळी काढलेला फोटो दाखवा. तो फोटो रोज घराबाहेर पडताना काढायचा, त्या दिवशीच्या कपड्यांत.

२९ एप्रिल ते ५ मे हा गोल्डन वीक, म्हणजे जपानमधला सुट्ट्यांचा आठवडा, शक्यतो टाळा. आपल्याकडच्या शाळांच्या सुट्ट्या नेमक्या तेव्हाच सुरू होतात, म्हणून विमानाचं तिकीट काढायच्या आधीच मला फोन करा.