गाओकाओचा इंग्लिश पेपर: तयारी कशी करून घ्यायची

चीनमधल्या बारावीच्या मुलाला ऑनलाइन इंग्लिश शिकवत असाल तर आधी पेपर समजून घ्या. गाओकाओ म्हणजे तिथली कॉलेज प्रवेशाची परीक्षा, ती जूनमध्ये ७ तारखेला सुरू होते, इंग्लिशचा पेपर १५० मार्कांचा आणि वेळ दोन तास, म्हणजे चिनी भाषा आणि गणिताइतकंच वजन.

बऱ्याच प्रांतांत चालतो त्या पेपरात ऐकण्याला ३०, वाचनाला ५०, गाळलेल्या जागांना ३० आणि लेखनाला ४० मार्क असतात. ऐकण्यातले पहिले पाच छोटे संवाद एकदाच वाजवतात, बाकीचे दोनदा, म्हणून ऑडिओ सुरू व्हायच्या आधीच प्रश्न वाचून ठेवायची सवय लावाच.

खरी मेहनत लेखनावर घ्या. एक ८० शब्दांचं पत्र वगैरे, ते जमतं. पण २५ मार्कांचं दुसरं असतं त्यात अर्धी गोष्ट देतात आणि पुढच्या दोन परिच्छेदांची पहिली वाक्यं देतात, तिथून मुलाने साधारण १५० शब्दांत गोष्ट पूर्ण करायची, आणि इथेच पाठ केलेली भारी वाक्यं कोंबली जातात ज्यांचा गोष्टीशी काही संबंध नसतो. मी तर आधी, आपण मराठीत सांगतो ना तशी, गोष्ट साध्या इंग्लिश शब्दांत तोंडी सांगायला लावतो, मग लिहायला.

तपासताना काळ बघा, कारण चिनीत क्रियापद काळाप्रमाणे बदलतच नाही. ‘ही’ (he) आणि ‘शी’ (she) यांची गल्लत पण होते, बोलताना दोन्हीला ‘था’च म्हणतात ना. आर्टिकल (a, an, the) तर चिनीत नाहीतच, त्यासाठी रोज दहा मिनिटं वेगळी ठेवा.