जुन्या गाडीचा बंद झालेला कंपनी रंग कसा जुळवावा

दुकानात जाऊन "फियाटचा जुना पिस्ता द्या" म्हटलं की रंगपत्र पुढे सरकतं आणि "ह्यातला जवळचा बघा" असं उत्तर मिळतं. जवळचा घेऊ नका. जुन्या गाडीचा पत्रा, इंजिन, आतलं कापड सगळं मनासारखं झालं आणि रंग एका छटेनं चुकला, तर गाडी कायम परकी दिसते. कुर्ल्याच्या कारखान्यातून पद्मिनी, म्हणजेच आपली फियाट, निघणं 2001 च्या आसपास बंद झालं, अ‍ॅम्बेसेडर 2014 ला थांबली. त्यांचे रंग आता तयार डब्यात येत नाहीत. पण गाडीवरच कुठेतरी मूळ रंग शिल्लक असतो आणि तो जुळवता येतो.

1. कागद बघा

आरसी बुकात "हिरवा" एवढंच लिहिलेलं असतं. तरी आधीच्या मालकानं रंग बदललाय का, ते त्यावरून कळतं. परदेशी गाडी असेल तर रंगाचा कोड शोधा. जुन्या बीटलचे एल आणि पुढे आकडे, मर्सिडीजचे डीबी आणि पुढे आकडे, असे कोड असतात. कोडवरून सूत्र मिळालं तरी त्याला फक्त सुरुवात समजा. कारण खाली येतंच आहे.

2. मूळ रंगाचा तुकडा शोधा

बोनेट, टप आणि डिकीचं झाकण यांच्यावरून रंग कधीही घेऊ नका. चाळीस-पन्नास वर्षं ऊन खाल्लेला पत्रा आहे तो. दाराच्या आतलं पॅड काढा, मागच्या दिव्याचं रबर उचला, ग्लोव्ह बॉक्सच्या झाकणाची आतली बाजू बघा. जिथे रंगाचा पूर्ण जाड थर आहे तीच जागा घ्या. डॅशबोर्डच्या खाली नुसता उडालेला फवारा असतो, त्यातून प्रायमर डोकावतो.

गाडीवर दोन-तीन वेळा रंग चढला असेल तर आठशेच्या वॉटर पेपरनं रुपयाएवढी जागा पाणी लावून हळूहळू घासा. झाडाच्या खोडासारखी वर्तुळं उघडतात. प्रायमरला लागून असलेलं पहिलं वर्तुळ कंपनीचं. कोरडं घासू नका, जुन्या रंगात शिसं असतं आणि ती धूळ छातीत जाते.

आणखी एक गोष्ट क्वचितच कोणी सांगतं. जुना सिंथेटिक इनॅमल अंधारात राहिला की पिवळा पडतो. म्हणजे पॅडमागचा पांढरा किंवा फिकट रंग उन्हानं उडालेला नसला तरी मूळ असेलच असं नाही. ग्लोव्ह बॉक्सचं झाकण सुटं करून आठवडाभर उन्हात ठेवा. पिवळेपणा बराच उतरतो. मग हलक्या हातानं कंपाउंड (घासून चमक आणायची पेस्ट) मारा आणि तेवढाच तुकडा नमुना म्हणून धरा.

3. मशीन

रंगाच्या मोठ्या दुकानात शेड मोजायचं मशीन असतं. सपाट, चकचकीत, स्वच्छ जागेवर तीन वेळा मोजून घ्या. वळणावर मोजलं तर आकडे चुकतात.

4. जुळवणी: इथेच घाई नको

माझी पहिली पद्मिनी फिकट पिस्ता रंगाची होती. कोल्हापूरच्या उद्यमनगरात संध्याकाळी सात वाजता, ट्यूबलाइटखाली, दुकानदारानं मशीनवरून बनवलेली शेड मी डिकीच्या कडेला धरली. तंतोतंत वाटली. पूर्ण गाडी मारून घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी रंकाळा तलावावर गाडी उभी केली आणि पोटात गोळा आला. उन्हात ती सरळ निळसर दिसत होती, आणि दाराच्या आतली न मारलेली कड पिवळट. सगळं पुन्हा घासावं लागलं. पैसे गेलेच, चार महिनेही गेले.

दोष मशीनचा नव्हता. जुन्या पिवळ्या, नारिंगी, लाल आणि पिवळ्यातून बनणाऱ्या हिरव्या शेडमध्ये लेड क्रोमेट, म्हणजे शिशाचं रंगद्रव्य, असायचं. विषारी म्हणून ते गाड्यांच्या रंगातून गेलं. आता तीच छटा दुसऱ्या रंगद्रव्यांतून बांधावी लागते, आणि वेगळ्या रंगद्रव्यांतून बांधलेली छटा एका उजेडात मूळ रंगासारखी दिसते, दुसऱ्या उजेडात वेगळी पडते. याला मेटामेरिझम म्हणतात. म्हणून जुनं सूत्र सापडलं तरी तो रंग आपोआप हाती येत नाही, आणि एकाच उजेडात बघून "जुळला" म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

माझी रीत अशी. शंभर ग्रॅम रंग घ्या, दशांश ग्रॅम दाखवणारा काटा घ्या. एका वेळी एकच टिंटर (छटा बदलायचा दाट रंग) टाका आणि प्रत्येक थेंब वहीत लिहा. नवी रंगद्रव्यं जुन्यांपेक्षा स्वच्छ असतात, त्यामुळे रंग भडक वाटतो. तिथे पांढरा वाढवू नका. काळ्याचा किंवा गेरूच्या छटेचा अगदी कण घाला, शेड खाली बसते.

काठीला लागलेला ओला रंग बघून ठरवणं हा सगळ्यात वाईट सल्ला. साधा, म्हणजे मेटॅलिक नसलेला, रंग वाळल्यावर बहुधा गडद होतो. कार्डावर गाडीला मारणार तोच सरफेसर (रंगाखालचा अस्तराचा थर) मारा, त्यावर स्प्रे गननं पूर्ण कोट द्या आणि रात्रभर वाळू द्या. मग कार्ड नमुन्याला टेकवून चार ठिकाणी बघा: सकाळी दहा-अकराचं ऊन, उत्तरेकडची सावली, ट्यूबलाइट, पिवळा बल्ब. चारही ठिकाणी पूर्ण जुळणं अवघड असतं. तडजोड करायचीच असेल तर बल्बखाली करा, उन्हात नाही. गाडी उन्हात फिरणार आहे.

बघताना शेजारी काय आहे तेही बघा. पावसाळ्यात गॅरेजच्या छपरावर टाकलेल्या निळ्या ताडपत्रीखाली कुठलाच पिस्ता पिस्ता दिसत नाही. लाल विटांची भिंत आणि अंगातला भगवा शर्टही रंग खराब करतात. माझ्या मेस्त्रींनी मला पांढऱ्या सदऱ्यात यायला लावलं आणि म्हणाले, "दादा, दहा सेकंदच बघा, मग नजर काढा. एकटक बघितलं की डोळा सवयीचा होतो." त्यांचं शंभर टक्के खरं आहे. माझ्या दुसऱ्या फियाटला सतरा कार्डं लागली. सतरावं कार्ड नमुन्यावर ठेवलं तेव्हा मधली रेघच दिसेना.

5. मारणं

गाडीला लागेल तेवढा सगळा रंग एकदम बनवा आणि एकाच बादलीत ढवळा. आतल्या कडांसकट माझ्या पद्मिनीला साडेतीन लिटर लागला. दुसऱ्यांदा बनवलेला डबा कधी सारखा येत नाही. साध्या रंगावर क्लिअर लॅकर (वरचा पारदर्शक थर) मारू नका, तेव्हाच्या या गाड्यांवर ते नव्हतं आणि त्यानं खोली बदलते. पीयू (पॉलियुरेथेन) रंगाच्या हार्डनरमध्ये, म्हणजे रंग घट्ट करणाऱ्या द्रवात, आयसोसायनेट असतं. साधा धुळीचा मास्क चालत नाही, हवा पुरवणारा मास्क हवा.

कोल्हापुरात जून ते सप्टेंबर रंग मारू नका. एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकरवर दमट हवेत पांढरी धुरी चढते. हिवाळा चांगला, पण उसाचं गाळप सुरू झालं की साखर कारखान्यांची आणि पाचटाची काजळी उडते, ओल्या रंगावर काळे ठिपके बसतात. त्यामुळे बंद बूथच गाठा.

उरलेला रंग हार्डनर न घालता लहान डब्यात तोंडापर्यंत भरून ठेवा. जुळलेलं कार्ड आणि ग्रॅमचं टिपण आरसी बुकाच्या पाकिटातच ठेवा, पुढे दार घासलं गेलं की तेच काढून दाखवायचं.